सत्तावन्नच्या वर

कॉलेजात तिला सगळे दशांशबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ फिरली की दशांशबाई. तिला हे ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. राग यायला दुसरी कारणं पुष्कळ होती. थर्मामीटरवर एकतीस पूर्णांक चार दिसत असताना नुसतं एकतीस लिहिणाऱ्यांचा राग यायचा, आणि 'साधारण एकतीस' लिहिणाऱ्यांचा तर त्याहून जास्त. "साधारण म्हणजे काय रे? तू साधारण पास झालास तर चालेल का?" असं ती विचारायची, आणि मुलं मान खाली घालून हसायची.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती सहायक म्हणून लागली ती तात्पुरती. शिकवण्याची जागा निघेपर्यंत, असं तेव्हाच्या प्राचार्यांनी सांगितलं होतं. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. जागा निघाल्या, भरल्या, पुन्हा निघाल्या, आणि दर वेळी हिच्या अर्जाला वाटाण्याच्या अक्षता. तिच्या डोळ्यांसमोर शिकलेले दोघे जण आता तिथेच अध्यापक होते आणि तिला "बाई, जरा बीकर धुऊन ठेवा" म्हणायचे. ती धुऊन ठेवायची, तेही तीन पाण्यांनी.

तिचा जीव होता एकाच प्रयोगात. ॲसिड आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र केलं की किती उष्णता बाहेर पडते, ते मोजायचं. बघायला तिथे काहीच नसतं. रंग बदलत नाही, धूर निघत नाही. पाण्यासारखी दिसणारी दोन पाणी एकत्र ओतायची आणि पारा चढू लागतो. शेगडी नाही, वीज नाही, तरी पेलाभर पाणी आपलं आपण कोमट होतं. तिने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि कोणीतरी आपली फिरकी घेतंय असं तिला वाटलं होतं. आजही पारा चढायला लागला की मुलांच्या आधी तीच वाकून बघायची.

पुढचं गणित सोपं. पन्नास मिली ॲसिड, पन्नास मिली कॉस्टिक, दोन्ही मिळून शंभर ग्रॅम पाणीच धरायचं. ते किती अंश तापलं ते बघायचं, पाण्याच्या विशिष्ट उष्णतेने गुणायचं आणि जेवढा पदार्थ खर्ची पडला त्याने भागायचं. पुस्तकात उत्तर छापलेलं आहे: एका मोलला सत्तावन्न किलोज्यूल. आणि तिथेच सगळी माती व्हायची. इथल्या काचेच्या बीकरात, तो कापूस कोंबलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवला तरी, सत्तावन्न कधीच येत नसे. थोडी उष्णता काच खायची, थोडी थर्मामीटर, थोडी वरून हवेत जायची. यायचे एकोणपन्नास, पन्नास, फार तर एक्कावन्न. दशांशबाई दरवर्षी हा प्रयोग स्वतः करून बघायची. अठ्ठावीस वर्षांत बावन्न काही तिने पाहिले नव्हते.

मुलांच्या जर्नलात मात्र अठ्ठावीस वर्षं सत्तावन्न. सत्तावन्न पूर्णांक एक, सत्तावन्न पूर्णांक तीन, एखादा फारच प्रामाणिक असला तर छप्पन्न पूर्णांक नऊ. उत्तर आधी लिहायचं, उलटं गणित करून पारा किती चढायला हवा होता ते काढायचं आणि कागदावर तेवढा चढवायचा, ही विद्या वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना पहिल्याच आठवड्यात देऊन टाकत. अध्यापक डोळे मिटून सह्या करत.

"अरे, काच किती खाते तेही मोजता येतं," ती सांगायची. "गार पाण्यात गरम पाणी ओता, किती कमी तापलं ते बघा आणि तेवढं उत्तरात मिळवा. मग खरंच सत्तावन्नच्या आसपास येईल."

"बाई, परीक्षेत आहे का ते?"

परीक्षेत नव्हतं, त्यामुळे विषय तिथेच संपायचा. सांगून सांगून तिने हात टेकले होते, आणि तरीही पुढच्या वर्षी पुन्हा सांगायची. हा तिचा हट्ट होता की खोड, हे तिलाही कळेनासं झालं होतं.

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागच्या खोलीत हिचा संताप. संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती दिवसभराचा पाढा वाचायची आणि तो मशीन न थांबवता ऐकायचा. "माझी गिऱ्हाइकं माप देताना पोट आत घेतात," तो एकदा म्हणाला. "मग कपडा घट्ट होतो आणि शिव्या मला. तुझी मुलं तसलीच."

"मग तुम्ही काय करता?"

"मी आपला दीड इंच जास्त धरतो. गिऱ्हाईक खूश."

"म्हणजे तुम्हीही खोटंच लिहिता."

"खोटं कुठलं? अंगाला बसतं ना?"

ती निवडलेली भाजी उचलून आत गेली.

त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला हाच प्रयोग निघाला. चोवीस मुलं, चोवीस टेबलं, चोवीस थर्मामीटर. कॉस्टिकचं पाणी आदल्या दिवशी करून ठेवायचं, हा तिचा कधी न मोडलेला नियम. कारण कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळतानाच तापतो. कॅन हातात धरवत नाही. रात्रभर तो ॲसिडच्या शेजारी ठेवला की सकाळी दोन्ही सारखे गार. यावरूनच तिने बारा वर्षांपूर्वी मुलांसाठीच्या सूचनापत्रकात एक सोय करून दिली होती. मुलं थर्मामीटर न धुताच एका बाटलीतून दुसरीत घालायची आणि सगळा घोळ करायची, म्हणून तिने लिहिलं: 'दोन्ही द्रावणे रात्रभर एकाच खोलीत असतात. फक्त ॲसिडचे तापमान घ्या, कॉस्टिकचे तेच धरा.' पत्रकावर तिचं नाव नव्हतं. पण वाक्य तिचं होतं आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी तिला दुपारपासून स्टुलांवर नंबर चिकटवायला बसवलं. "सर, मला कॉस्टिक करायचंय," असं तिने तीन वेळा सांगितलं. "होईल हो बाई, त्यात काय आहे," असं त्यांनी तीन वेळा उत्तर दिलं आणि चौथ्या वेळी ते घरी गेले होते. कॉस्टिक जिथे वजन करून घ्यायचं त्या तराजूच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात. उंटावरून शेळ्या हाकणारा हा माणूस तिला दहा वर्षं छळत होता, पण त्या संध्याकाळी बंद दारासमोर उभी असताना तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

मग सकाळी आठला येऊन, शिपायाला त्यांच्या घरी पिटाळून किल्ली आणवून तिने पाच लिटर कॉस्टिक केलं. कॅन तापला. तो बादलीत ठेवून नळ सोडला तर नळाला करंगळीएवढी धार. टाकी अजून भरलेली नव्हती. साडेदहाला मुलं दाराशी आली, अकराला परीक्षा. थर्मामीटर मोजून टेबलांवर गेले होते. तिने कॅनला तळहात लावला. गार लागला. "हाताला काय कळतं?" हा तिचा मुलांवरचा ठेवणीतला टोमणा होता, पण त्या क्षणी तिला तो आठवला नाही. तिने बाटल्या भरल्या.

सतरा नंबरच्या स्टुलावर एक मुलगी होती. बारीक अंगाची, दोन्ही हातांनी बाटली धरणारी. गेल्या वर्षी तिच्या हातून परीक्षेत बीकर फुटला होता, वेळ संपला होता आणि ती नापास झाली होती. कॉलेजचा नियम असा, की प्रात्यक्षिकात दुसऱ्यांदा नापास झालं की नाव पटावरून कमी. हे दशांशबाईला माहीत होतं, म्हणून तिने सतरा नंबरला मुद्दाम जाड काचेचा, न कलंडणारा बीकर दिला होता. तेवढंच तिच्या हातात होतं.

बारा वाजता रिकाम्या बाटल्या गोळा करत ती फिरत होती. सहायकाने परीक्षेत बोलायचं नसतं, पण बघायला बंदी नसते. सत्तावन्न एक. सत्तावन्न चार. सत्तावन्न. सोळा नंबरच्या बीकरात तर काही ओतलेलंही नव्हतं, तरी सत्तावन्न दोन. तिच्या डोक्यात तिडीक गेली. मग सतरा नंबरचा कागद दिसला आणि ती थबकली. तिथे सत्तावन्न नव्हतं.

चौसष्ट पूर्णांक चार.

क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिने आकडा पुन्हा वाचला आणि बरं वाटण्याचा राग आला. कमी आलं असतं तर समजण्यासारखं होतं. जास्त कसं येईल? उष्णता बीकरातून निसटते, बाहेरून आत येऊन बसत नाही. म्हणजे या पोरीला नक्कलसुद्धा धड जमली नव्हती.

"हे काय लिहिलंयस?" ती वाकून दबक्या आवाजात म्हणाली.

"सव्वीसला सुरू झालं, बाई. तेहतीस पूर्णांक सातला थांबलं. दोनदा केलं. दोन्ही वेळा तेवढंच आलं."

"सत्तावन्नच्या वर आकडा जाऊच शकत नाही. कळतं का तुला? तू बघून लिहिलेलंच नाहीस."

"बघूनच लिहिलंय."

"मग डोळे तपासून घे," असं म्हणून ती पुढे गेली. मुलीने खोडरबर हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला आणि कागद तसाच दिला.

बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी चोवीस कागद पुढ्यात पसरले. तेवीस ठिकाणी सत्तावन्न आणि एका ठिकाणी चौसष्ट. त्यांनी सतरा नंबरला बोलावून विचारलं, "सगळ्यांना एक उत्तर आलं, तुम्हालाच वेगळं कसं?" तेवीस जणांनी काय केलं होतं ते मुलीला माहीत होतं, पण सगळा वर्ग मागे उभा असताना ते सांगायची छाती कोणाची होणार? परीक्षकांनी कागदावर लाल पेनाने 'प्रयोग चुकला' असं लिहिलं.

मुलं गेली, परीक्षक जेवायला गेले. दशांशबाई टेबलं पुसायला लागली. पण पारा सात पूर्णांक सात अंश चढला, हा मुलीचा आकडा तिच्या मागे लागला होता. खोटं लिहिणारा सत्तावन्न लिहितो. चुकून वाचणारा एकदा चुकतो, दोनदा तीच चूक करत नाही. मग राहिलं काय? तिने एक थर्मामीटर उचलला, ॲसिडच्या कॅनमध्ये घातला. सव्वीस पूर्णांक दोन. धुऊन, पुसून कॉस्टिकच्या कॅनमध्ये घातला. अठ्ठावीस पूर्णांक तीन.

दुपारचा एक वाजून गेला होता आणि कॅन अजून दोन अंश गरम होता. म्हणजे अकरा वाजता साडेतीन-चार अंश असणार. निम्मं पाणी तेवढं गरम, म्हणजे मिश्रण सुरुवातीलाच जवळजवळ दोन अंश वर. ते सात पूर्णांक सातातून काढलं की उरतात पाच पूर्णांक नऊच्या आसपास. त्याचे होतात एकोणपन्नास. दरवर्षी यायचे तेच एकोणपन्नास. ती स्टुलावर बसली.

मुलीने अगदी बरोबर वाचलं होतं, दशांशापर्यंत. अठ्ठावीस वर्षांत कोणी नव्हतं वाचलं असं. चूक कॅनमध्ये होती, तळहातात होती, आणि त्या सूचनापत्रकातल्या वाक्यात होती. तिन्हींची मालकीण एकच. आणि जिवाला खाणारी गोष्ट वेगळीच होती. बाकीच्या तेविसांनीही दिसलं ते लिहिलं असतं, तर सगळीकडे चौसष्ट आले असते आणि पाच मिनिटांत कोणाच्याही लक्षात आलं असतं की बाटल्यांत काहीतरी गडबड आहे. ज्या खोटेपणावर ती जन्मभर दात खात आली, त्यानेच आज तिची चूक झाकली होती आणि तिचं खापर एकट्या खऱ्या मुलीच्या डोक्यावर फुटलं होतं.

ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, हे तुम्ही लेखी देणार?"

"देणार."

"मग सगळ्या बॅचची परीक्षा रद्द होईल. द्रावण गरम होतं तर तेवीस जणांना सत्तावन्न कसं आलं, असं विचारतील. ते कोणाला विचारतील? मला." त्यांनी कपाळ पुसलं. "एका मुलीसाठी कशाला एवढं ताणता?"

"तिचं नाव पटावरून जाईल, सर. आणि तिचं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणजे काय? उत्तर चौसष्ट आहे का?"

ती तिथून निघाली आणि परीक्षकांना चार ओळी लिहून दिल्या. कॉस्टिक आज सकाळी केलं, ते पुरतं गार झालेलं नव्हतं, एकाच बाटलीचं तापमान घेण्याची सूचना माझी, चूक माझी. खाली सही. नोकरीची दोन वर्षं उरली असताना आपल्या हाताने आपल्या विरुद्ध कागद लिहून दिला.

परीक्षकांनी कागद दोनदा वाचला. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा त्या दिवसात पहिल्यांदाच. मग तो घडी करून खिशात घातला. "सतरा नंबरला चार वाजता पुन्हा बसू द्या," ते म्हणाले. "द्रावणात दोष, एवढं कारण पुरे. बाकीच्यांची उत्तरं बरोबरच आहेत, त्यांना कशाला त्रास?"

तिला हसावं की काय करावं ते कळेना. पण मुलीला दुसरी संधी मिळाली होती आणि आत्ता तेवढंच महत्त्वाचं होतं. टाकी आता भरलेली होती. तिने कॉस्टिकची बाटली वाहत्या पाण्याखाली धरली, तीनदा मोजली. ॲसिड सव्वीस पूर्णांक दोन, कॉस्टिक सव्वीस पूर्णांक दोन. मुलगी जिन्यात बसली होती, तिला बोलावून आणलं. डोळे सुजलेले.

"तुझं बरोबर होतं," दशांशबाई म्हणाली. "कॉस्टिक गरम होतं. चूक माझी. आता दोन्ही सारखे गार आहेत. जे दिसेल ते लिही. पन्नासच्या खाली आलं तरी घाबरू नकोस. का कमी आलं ते खाली एका ओळीत लिही, मी परीक्षकांना समजावून सांगते."

मुलीने मान हलवली. विभागप्रमुखांनी परीक्षकांना चहाला नेलं. सकाळी आपण त्या पोरीच्या डोक्यावर जाऊन उभ्या राहिलो होतो हे दशांशबाईला टोचत होतं, म्हणून ती मुद्दाम लांबच्या खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. बाहेर माळी वाळलेली पानं गोळा करत होता. मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला, पेनाचा आवाज झाला. वीस मिनिटं ती एकदाही वळली नाही.

परीक्षक आले, त्यांनी कागद उचलला. "सत्तावन्न पूर्णांक दोन," त्यांनी वाचलं. "बघा, नीट केलं की येतं." त्यांनी गुण मांडले, कागद तिथेच ठेवला आणि "बाई, तुमची सही घेऊन गठ्ठ्यात लावा," असं सांगून ते निघाले. त्यांना गाडी गाठायची होती.

ती टेबलापाशी आली. बीकर कोरडा होता. थर्मामीटर तो ठेवायच्या नळीत जसाच्या तसा. कॉस्टिकची बाटली तिने काठोकाठ भरून दिली होती, ती अजून काठोकाठ होती. कागदावर मात्र सव्वीस पूर्णांक दोनपासून तेहतीसपर्यंत, दर अर्ध्या मिनिटाची नोंद सुबक अक्षरात लिहिलेली.

"तू ओतलंच नाहीस."

मुलगी बॅगेची चेन लावत होती. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. "सकाळी ओतलं होतं, बाई. दोनदा. तुम्ही म्हणालात, मी बघून लिहिलेलंच नाही."

"ते माझं चुकलं. सांगितलं ना तुला मी?"

"हो. पण तेव्हा तुम्हालासुद्धा खरं नाही वाटलं. मग त्या सरांना कसं वाटेल?" तिने बॅग खांद्याला लावली. "मला पास व्हायचंय, बाई."

कागदाच्या तळाशी छापलेली ओळ होती: 'प्रयोग माझ्या समक्ष झाला.' त्याखाली सहायकाच्या सहीची जागा. सही केली नाही तर कागद बाद, आणि मुलगी पटावरून गेली. मुलगी दारात थांबली होती. तिला हे माहीत होतं आणि ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती.

दशांशबाईने पेन उघडलं. अठ्ठावीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या सह्यांना नावं ठेवली होती. तिने सही केली, शेजारी वेळ घातली, चार वाजून बावीस मिनिटं, आणि कागद गठ्ठ्यात लावला. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.